रिकाम्या ऐरणीचा आवाज

चाळीस माणसांपैकी सहाजण दहाव्या पायरीपर्यंत पोचले. उरलेल्या चौतीसांनी त्याआधीच फोन खाली ठेवला. त्यातल्या एका बाईंनी तर पिशवीतून विणकाम काढलं.

हा माझ्या खेळाचा पहिला निकाल.

खेळ तसा साधा. पडद्यावर सात उभे, सात आडवे असे चौकोन. प्रत्येकावर लोहारकामातली एकेक वस्तू: कोळसा, भाता, सांडशी, हातोडा, लोखंडाची कांब, पाण्याची बादली. शेजारशेजारच्या दोन चौकोनांची बोटानं अदलाबदल करायची. एका ओळीत तीन सारखे आले की ते फुटतात, वरचे खाली घसरतात, गुण मिळतात. असे खेळ जगात पैशाला पासरी आहेत. त्यातल्या चार खेळांतली फळं मी काढली आहेत. नऊ वर्षं फळंच काढतेय. अननसाला डोळे किती असावेत यावर आमच्या कचेरीत अजूनही माझाच शब्द शेवटचा असतो.

मी कुठल्या शाळेत हे शिकले नाही. आधी टायपिंग करत होते. दुपारच्या सुट्टीत त्याच संगणकावर लहान मुलांच्या चित्रांच्या प्रोग्राममध्ये रेघोट्या मारता मारता इथवर आले. वय त्रेपन्न. लोहारकामाचा खेळ हा माझा पहिला स्वतःचा खेळ. चौकोन माझे, नियम माझे, आणि आता चौतीस माणसांचा कंटाळाही माझाच.

साहेब माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान आहेत आणि मला ताई म्हणतात. ताई म्हणून झालं की पुढचं वाक्य वाईट असतं.

"ताई," साहेब म्हणाले, "पुढच्या शुक्रवारी नवीन चाळीस माणसं बोलावतो. त्यातली वीस दहाव्या पायरीला पोचली, तर खेळ पुढे न्यायचा."

"आणि नाही पोचली तर?"

"पेरू आणि सीताफळ बाकी आहेत ना अजून."

मी लोकांनी लिहून दिलेले कागद घरी नेले. कोणी लिहिलं होतं, चित्रं छान आहेत. कोणी लिहिलं होतं, दमल्यासारखं होतं. निदान अकरा जणांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: दर वेळी संपल्यासारखं वाटतं. मी ते अकरा कागद वेगळे काढले आणि त्यांच्याकडे बघत बसले. संपल्यासारखं काय वाटतं? तीन चौकोन फुटले की चौथा चाल मागतोय, समोर दिसतंय!

माझी आई माझ्याकडेच राहते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. बाबा लोहार होते, एवढं सांगितलं की लोक मान डोलावतात आणि आईबद्दल विचारत नाहीत. आई घण मारायची. बाबा डाव्या हातानं सांडशीत तापलेलं लोखंड धरायचे, उजव्या हातात छोटा हातोडा. समोर आई, दोन्ही हातांत सात किलोचा घण. तीस वर्षं. तिचे दंड अजूनही असे आहेत की बरणीचं झाकण उघडेना झालं की शेजारचे तिच्याकडे येतात.

शनिवारी सकाळी मी फोन तिच्या हातात दिला.

"हे बघ ग जरा. माझा खेळ."

तिनं चष्मा पुसला, फोन हातभर लांब धरला. "काय घडवतोय आपण?"

"घडवत नाही काही. तीन सारखे जुळवायचे."

"आणि मग?"

"गुण मिळतात."

"बरं," आई म्हणाली. 'बरं' असं म्हणून तिनं आजवर माझी दोन स्थळं आणि एक धुलाईयंत्र नाकारलेलं आहे.

तिनं बोट फिरवलं. तीन कोळसे जुळले, फुटले. टण्ण! आवाज मला फार आवडायचा. मोठा, स्वच्छ, शेवटी बारीक होत जाणारा. आईनं फोन टेबलावर ठेवला आणि मांडीवर हात घेऊन बसली.

"का ग? कळलं नाही का?"

"कळलं की."

"मग खेळ ना पुढे."

तिनं उचलला. तीन सांडश्या जुळवल्या. टण्ण! परत फोन खाली, परत हात मांडीवर.

"आई, तू काय माझी चेष्टा करतेस का?"

"मी कशाला चेष्टा करू? थांब म्हणाला ना तो."

"कोण?"

"हातोडा."

आधी मला वाटलं, वयाचं असेल. मग तिनं माझ्याकडे असं बघितलं की वयाचं नाही हे कळलं.

"ठिणगे," आई म्हणाली. हे माझं घरचं नाव. त्रेपन्नाव्या वर्षी ते बाहेर कोणाला सांगत नाही. "तुला खरंच ठाऊक नाही? लोहाराच्या घरातली ना तू?"

मग तिनं सांगितलं. काम चालू असताना भट्टीपाशी बोलता येत नाही, ऐकूच येत नाही. त्यामुळे सगळं हातोड्यानं बोलायचं. बाबा छोट्या हातोड्यानं लोखंडावर टक करायचे. म्हणजे इथं मार. आई तिथं घण घालायची. टक, धप्प. टक, धप्प. जोरात टक म्हणजे जोरात, हलकं टक म्हणजे हलक्या हातानं. आणि लोखंड निवायला आलं, की बाबा हातोडा लोखंडावर न मारता बाजूच्या मोकळ्या ऐरणीवर मारायचे. टण्ण. म्हणजे थांब.

"तापलेलं लोखंड वाजतं का कधी?" आई म्हणाली. "ते मऊ असतं. सगळा मार पोटात घेतं. धप्प करतं नुसतं. टण्ण होते ती रिकामी ऐरण. तुझ्या खेळात तर कोणी कामच करत नाहीये. सारखं आपलं थांब, थांब, थांब."

मला आधी हसू आलं, मग नाही आलं. आमची भट्टी घराच्या मागच्या भिंतीपलीकडे होती. मला तिकडे जायची बंदी होती, ठिणग्या उडतात म्हणून. मी भिंतीअलीकडे अभ्यास करायचे. धप्प मला ऐकू यायचंच नाही, भिंतीतून फक्त टण्ण यायचं. आणि ते आलं की थोड्या वेळानं दोघं हात धुऊन घरात यायची, आई माझ्या डोक्यावर ओला हात ठेवायची. त्यामुळे माझ्यासाठी लोहारकामाचा आवाज तोच. आख्खं बालपण भिंतीआडून धंदा शिकले आणि शिकले ते नेमकं उलटं.

आमच्या आवाजवाल्यानंही त्यात भर घातलेली. हा दाढीवाला गृहस्थ कायम कानाला काहीतरी लावून बसतो. तो एका प्रशिक्षण केंद्रात जाऊन आवाज भरून घेऊन आला होता. सुट्टीचा दिवस, भट्टी बंद, ऐरण रिकामी. त्यानं हातोडा घेतला आणि वाजवत सुटला.

"पण तुला दिसायचं ना ग, लोखंड काळं पडलंय ते?" मी आईला विचारलं. "मग बाबांनी वाजवायची कशाला वाट बघायची?"

"मारणाऱ्यानं बघायचं नसतं, ऐकायचं असतं. मी माझ्या मनानं थांबले, माझ्या मनानं मारलं, तर समोरच्याची बोटं राहतील का?" तिनं उजवा खांदा चोळला. "तुझ्या बाबांनी एकदाच वाजवायचं चुकवलं. हातानं टक टक चालूच ठेवलं आणि तोंडानं गिऱ्हाइकाशी बोलत बसले. मी मारतेय आपली. गार लोखंडावर घण मारला की लोखंडाला काही होत नाही, खांद्याला होतं. हा तेव्हाचा."

"मग बाबा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकाला दाराबाहेर उभं करायला लागले."

सोमवारी मी आवाजवाल्याला गाठलं. तो मला मावशी म्हणतो. मी बिघाड घेऊन आले की मावशीबाई म्हणतो.

"मावशीबाई, एवढा गोड आवाज काढून त्या जागी धप्प घालायचं? लोक म्हणतील पोतं पडलं."

"पडू दे पोतं. तू कोणाकडे तरी पेटलेली भट्टी शोध आणि खरं धप्प घेऊन ये."

बुधवारी तो आला तेव्हा दाढी एका बाजूनं आखूड झाली होती. पण धप्प घेऊन आला होता. ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

चार दिवसांत मी खेळ उलटा केला. आता खेळणारा म्हणजे लोहार नाही, घण मारणारा. कुठली चाल करावी हे सुचेनासं झालं की कोपऱ्यातून छोटा हातोडा येतो, चौकोनावर टक करतो: इथं मार. तीन जुळले की धप्प, आणि कांब जराशी वाकते. कारण आता प्रत्येक पायरीला काहीतरी घडतं. पहिल्या पायरीला साधा खिळा, मग आकडा, मग कडी, बिजागरी, विळा; दहाव्या पायरीला कुऱ्हाड. आणि कुऱ्हाड पुरी झाली की भट्टीतली आग खाली बसते आणि रिकाम्या ऐरणीवर हातोडा पडतो. एकदाच. टण्ण.

तो किती वेळा वाजवायचा, हे मी आईला विचारलं होतं.

"थांबायचं असेल तेव्हा," ती म्हणाली होती. पुढे काही विचारायची सोय नव्हती.

शुक्रवारी नवीन चाळीस माणसं आली. मी काचेमागे उभी. वही हातात, पण लिहीत काही नव्हते. दहा मिनिटं झाली तरी कोणी फोन ठेवला नाही. एक निवृत्त टपालवाले काका जीभ दातात धरून खेळत होते, प्रत्येक धप्पला मान हलवत होते. वीस मिनिटांनी पहिला टण्ण झाला. मग दुसरा, मग एकदम तीन.

एकतीसजण दहाव्या पायरीला पोचले.

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. मला वाटलं, झालं! सीताफळ वाचलं, मी वाचले. मग साहेब काचेतून बघत राहिले आणि त्यांचा हात माझ्या हातातून हळूच सुटला.

"ताई," ते म्हणाले.

आत, ज्यांचा टण्ण होऊन गेला होता त्यांनी फोन पालथे ठेवले होते. कोणी आळस देत होतं. कोणी खिडकीबाहेर बघत होतं. पडद्यावर 'पुढची भट्टी' असं बटण मोठं लखलखत होतं, त्याच्याकडे ढुंकूनही कोणी बघत नव्हतं. टपालवाले काका उठले, "छान झाली हो कुऱ्हाड," असं दारातल्या मुलीला सांगून चालू पडले. तासाभराची वेळ दिलेली, अर्ध्या तासात सत्तावीस खुर्च्या रिकाम्या.

"हे उठून गेले," साहेब म्हणाले.

"काम झालं म्हणून गेले."

"खेळात काम होत नसतं ताई. खेळ संपत नसतो. संपला तर आपण संपलो." साहेबांनी मला दारापर्यंत सोडलं, ते तसे सभ्य आहेत. "बाकी सगळं एक नंबर. तो शेवटचा आवाज तेवढा काढा. आज काढलात तर सोमवारी खेळ पुढे जातोय."

मी काढला. हे इथे लिहिताना थोडा विचार केला, पण काढला हे खरं आहे. भांडले नाही, रडले नाही, पाणी पिऊन आले आणि एक ओळ पुसली. आग खाली बसण्याऐवजी भडकते आणि पुढची भट्टी आपोआप सुरू होते असं केलं. वीस मिनिटांचं काम. घरी जाताना मी हिशेब जुळलेल्या पेढीवरच्या माणसासारखी शांत होते. नऊ वर्षांनी खेळ मिळत असेल तर एका आवाजाचं काय एवढं?

रविवारी सकाळी मी नवा खेळ आईच्या फोनवर घातला. तिनं खिडकीजवळची खुर्ची घेतली.

"काय घडवतोय?"

"खिळा. आधी खिळा."

"हं. आता कसं." टक, धप्प. ती ऐकत होती, बघत कमी होती. "हातोडा जरा घाईचा आहे तुझा. तुझे बाबा दमानं घ्यायचे." टक, धप्प.

मी कपडे वाळत घातले, भाजी चिरली, कणीक भिजवली. मधूनमधून खिडकीकडून धप्प ऐकू येत होतं. बरं वाटत होतं. अकरा वाजता तिची कुऱ्हाड झाली. बारा वाजता दुसरी. मी कौतुकानं डोकावून आले. साडेबाराला हाक मारली.

"आई, जेवायला चल."

"येते."

एक वाजला. ताटं वाढून झाली.

"आई, निवतंय सगळं."

"अगं थांब, अजून वाजलं नाही."

मी हात पुसत बाहेर आले. ती चौथ्या भट्टीत होती. पाठ ताठ, चष्मा नाकावर उतरलेला, आणि उजवा खांदा कानापर्यंत चढलेला. तोच खांदा. बोट पडद्यावर सरकायचं, धप्प व्हायचं, आणि दर धप्पला खांद्यातून अंगभर झटका जायचा. सात किलोचा घण हातात असावा तसा. चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, आनंदही नव्हता. ती वाट बघत होती.

"आई, ठेव तो फोन. दुखेल खांदा."

"दुखतोयच."

"मग ठेव ना!"

"मधेच कसा ठेवू?" ती माझ्यावर चिडली. "तू गिऱ्हाइकासारखी मधे मधे बोलू नकोस. एकतर तुझा हा लोहार कुठं बघतोय कोणास ठाऊक."

फोन हिसकावून घेता आला असता. हात पुढे गेलाही होता. पण तीस वर्षं तिला कोणी हिसकावून थांबवलेलं नव्हतं.

आमच्या गच्चीचं दार वाऱ्यानं आपटतं म्हणून त्याला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा लावलेला असतो. बारीक कामाला बाबा त्याचीच ऐरण करायचे. मोठी ऐरण गेली, हा राहिला, कारण याला कोणी विकत घेईना. आणि छोटा हातोडा स्वयंपाकघराच्या खणात असतो, अक्रोडाखेरीज कोणी त्याला विचारत नाही. मी तो काढला. गच्चीच्या दाराशी उकिडवी बसले. नक्की किती जोरात मारायचं ते माहीत नव्हतं. भिंतीअलीकडून ऐकलेलं तेवढं आठवलं, आणि मारला.

टण्ण.

आईनं फोन खाली ठेवला. त्याच क्षणी. खांदा उतरला, हात मांडीवर आले, तोंडानं मोठा श्वास सोडला. तिनं मागं वळूनही बघितलं नाही.

"एवढा वेळ लावतात का?" ती म्हणाली. ते माझ्याशी बोललेलं नव्हतं.

रूळ अजून बारीक वाजत होता.

मग ती उठली, वळली, माझ्या हातातला हातोडा बघितला. "ठेव तो जागेवर," म्हणाली, "नाहीतर सापडायचा नाही." आणि हात धुवायला गेली.

सोमवारी मी साहेब यायच्या आधीच त्यांच्या खोलीत बसले होते.

"तो आवाज परत घालायचा आहे," मी म्हटलं.

"ताई, शुक्रवारी तुम्हीच काढलात. वाद नाही, काही नाही."

"हो. चुकलं."

"खेळ आज पुढे जातोय. आता मधेच काय?"

"मग आवाजासकट जाऊ दे. नाहीतर माझ्याकडून जाऊ देऊ नका. पेरू काढते मी. सीताफळही काढते."

साहेबांनी खुर्ची मागे घेतली. मी चेष्टा करतेय का हे बघितलं. मला सीताफळ काढायचा किती कंटाळा आहे हे त्यांना ठाऊक आहे. एकेक खवला वेगळा रंगवावा लागतो.

"एका आवाजासाठी?"

"माणसाला थांब म्हणायची जबाबदारी ज्याच्या हातात हातोडा त्याची असते," मी म्हटलं. "समोरचा आपल्या मनानं थांबत नाही हो साहेब. मी काल बघितलं."

कोणाला बघितलं हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी टेबलावर बोटं वाजवली.

"सेटिंगच्या आतल्या पानांवर ठेवू," शेवटी म्हणाले. "ज्याला हवा तो चालू करेल. सुरुवातीला बंद."

"सुरुवातीला चालू."

"बंद. हे नक्की."

"मग निदान पहिल्या पानावर."

"चौथ्या."

"चौथ्या पानावर कोण जातंय? दुसऱ्या."

"तिसऱ्या."

"दुसऱ्या, आणि हातोड्याचं चित्र मोठं."

"ताई, तुम्ही भाजी घ्यायला जाता तेव्हा तो भाजीवाला रडतो का हो?"

दुसऱ्या पानावर ठरलं. चित्र मध्यम आकाराचं.

खेळ चालतोय. फार नाही, बरा. महिन्याला एकदा मी आकडे उघडून बघते. पहिल्या महिन्यात नऊ जणांनी दुसऱ्या पानावर जाऊन ऐरण चालू केली होती. त्यातला एक आवाजवाला, एक मी. या महिन्यात सहाशे चाळीस आहेत. बाकीचे किती तास खेळतात, तो आकडाही तिथेच शेजारी असतो. साहेबांना तो आवडतो. मी तो बोटानं झाकून पुढे जाते, आणि झाकल्यानं काही होत नाही हे मला कळतं.

आईचा फोन मी स्वतः चालू करून दिला. ती सकाळी एक भट्टी खेळते. टण्ण झालं की फोन खाली, हात मांडीवर. परवा म्हणाली, "दहाव्यालाच वाजवतेस होय? तुझे बाबा याच्यापेक्षा जास्त काम करून घ्यायचे."

"मग बारा करू का?"

तिनं खांदा फिरवून बघितला. एकदा पुढे, एकदा मागे.

"नको," म्हणाली. "दहा पुरेत. जेवायला वाढ आता."